अवघड बरोबर, सोपं चूक

वसमतला कायमची राहायला आले त्याच आठवड्यात शेजारच्या कावेरीबाई वाटीभर लोणचं घेऊन आल्या. वाटी ओट्यावर ठेवली, इकडंतिकडं बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "ताई, आमच्या नातीची स्कॉलरशिपची परीक्षा हाय. जरा बघा की."

"काय बघू?"

"आता तुमी पेपर काढणाऱ्या बाई. तुमाला म्या काय सांगावं?"

मी त्यांना बसवलं आणि सांगितलं की मी जन्मात एकही पेपर काढलेला नाही. पेपर काढणारे वेगळे, तपासणारे वेगळे. मी पुण्याच्या एका संस्थेत प्रश्नांची परीक्षा घेत होते. पोरांची नाही, प्रश्नांची. कुठला प्रश्न चांगला, कुठला वाईट, कुठला नुसताच बसून खाणारा, हे बघायचं.

कावेरीबाईंनी जरा विचार केला. "मंजी प्रश्नाला मार्क देत व्हता?"

"तसंच म्हणा."

"अन् त्याचा पगार मिळत व्हता?"

"मिळत होता."

"बरंय," त्या म्हणाल्या आणि लोणच्याच्या वाटीकडं अशा नजरेनं बघितलं, की परत न्यावी की काय. नेली नाही. पण आमच्या गल्लीत आजही माझी ओळख 'पेपरवाल्या बाई' अशीच आहे आणि फेब्रुवारी जवळ आला की मला लोणची, पापड आणि एकदा तर ओल्या हळदीचा पुडा असं सगळं येतं. मी प्रत्येकाला खरं सांगते. खरं ऐकून लोक समजुतीनं हसतात. बाई उघड कशी बोलेल, असं त्यांना वाटतं.

तर ज्या कामाचा पगार मिळाला त्याचं नाव आयटम रिस्पॉन्स थिअरी. मराठीत प्रश्न-प्रतिसाद सिद्धांत म्हणतात, म्हणजे कोणी म्हणत नाही, पण म्हणायचं ठरलेलं आहे. नवीन लोकांना मी तो कुस्तीवरून समजावत असे. माझं माहेर इथून जवळचं हट्टा गाव. जत्रेतल्या कुस्त्या मी वडिलांच्या शेजारी बसून बघितल्या आहेत. एखादा नवा पैलवान आला, की त्यानं किती कुस्त्या मारल्या हे जाणते लोक विचारत नाहीत. कोणाला पाडलं ते विचारतात. चार किरकोळ गडी चीत करणारा वेगळा आणि एकच कुस्ती मारणारा पण नामांकिताला पाडणारा वेगळा. आपले शाळेतले मार्क म्हणजे नुसती कुस्त्यांची मोजणी. आमचा सिद्धांत विचारतो, समोर कोण होतं?

आणि समोर असतो प्रश्न. तोही पैलवानच. त्याची ताकद कशी कळणार? तर त्याच्याकडून कोण कोण पडलं यावरून. म्हणजे पोराची ताकद प्रश्नावरून आणि प्रश्नाची ताकद पोरांवरून. ऐकताना हे गोल गोल फिरल्यासारखं वाटतं, पण हजारो पोरं आणि शेकडो प्रश्न असले की संगणक पुढं-मागं हिशेब करत करत दोघांना एकाच पट्टीवर उभं करतो. मग एखाद्या पोराकडून एखादा प्रश्न सुटायची शक्यता किती, हे सांगता येतं.

आणखी दोन गोष्टी बघाव्या लागतात. एक, चार पर्यायांचा प्रश्न असेल तर बकरीनं चरता चरता खूण केली तरी कधीतरी बरोबर येते. ते वजा धरायचं. दुसरी, प्रश्न पोरांना वेगळं काढतो का? सगळ्यांना येणारा आणि कोणालाच न येणारा, दोन्ही आमच्या लेखी बिनकामाचे. पण सगळ्यात वाईट म्हणजे उलटा प्रश्न. त्यात हुशार पोरं पडतात आणि कच्ची पास होतात. असा प्रश्न दिसला की आमच्या धंद्यात पोरावर नाही, आधी प्रश्नावर संशय घ्यायचा.

एकदा गणिताचा एक साधा प्रश्न होता. लिफ्ट अमुक मजल्यावरून निघाली, इतके मजले खाली गेली, तर आता कुठं आहे? बाकी गणितात बरोबरीची असलेली पुण्याची पोरं आणि इकडच्या हिंगोली जिल्ह्यातल्या शिरड शहापूरची पोरं, पण या एकाच प्रश्नावर शिरडची धडाधड पडलेली. मी तिकडं गेले तेव्हा एका मुलीला विचारलं, हे का नाही आलं?

ती म्हणाली, "बाई, लिफ्ट खाली कशी जाईल? लिफ्ट तर औंढ्याला जाती."

तिच्या लेखी लिफ्ट म्हणजे रस्त्यावर हात दाखवून ज्या गाडीवर बसतात ती. मी पुण्यात जाऊन हे सांगितलं. मोठ्या उत्साहानं लिफ्ट काढून तिथं विहिरीच्या पायऱ्या घातल्या. पुढच्या चाचणीत शिरडची पोरं सुटली आणि पुण्याची पडली. समितीतल्या एका प्राध्यापकांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "शैलाताई, विहिरीला पायऱ्या असतात?" शेवटी आम्ही घराचा जिना घेतला. तो दोन्हीकडं असतो.

आता निवृत्त झाले तर हाच सिद्धांत यंत्रांना लावायचं काम घरी चालत आलं. फोनवर काही विचारलं की पटापटा उत्तर लिहून देणारी ती यंत्रं आपल्याला माहीत आहेत. त्यांना मराठी किती येतं हे मोजायचं काम ऋतुजा नावाची एक संशोधक करते. ती पुण्यात आणि मी इथं. यंत्रांना हजारो प्रश्न विचारत बसणं वेळखाऊ आणि खर्चिक. त्यापेक्षा नेमके थोडे प्रश्न असे निवडायचे, की त्यांवरून सगळ्याचा अंदाज यावा. म्हणजे पुन्हा तेच. कोणता प्रश्न कामाचा, कोणता बसून खाणारा. फक्त बाकावर पोरांच्या जागी यंत्रं.

तिनं उलटे पडलेले प्रश्न वेगळे काढून मला पाठवले. भारी यंत्रं पडलेली, हलकी पास झालेली. त्यात एक वाक्य होतं: 'गणपत जेवून राहिला.' अर्थ विचारला होता. उत्तरसूचीत होतं, गणपत जेवला आणि तिथंच थांबला. भारी यंत्रं म्हणत होती, गणपत जेवतो आहे.

ऋतुजाचा फोन आला. "मॅडम, उत्तरसूची बरोबरच आहे ना?"

मी फोन तसाच हातात धरला. खिडकीतून कावेरीबाईंना हाक मारली. "अहो, गणपत जेवून राहिला, म्हंजे काय?"

"मंजी जेवून राहिला," कावेरीबाई म्हणाल्या. "मधी उठवू नका त्याला. काही निरोप आसन तं मला सांगा."

हे फोनवर पुण्यापर्यंत ऐकू गेलं. ऋतुजा बराच वेळ हसली आणि मग म्हणाली, "म्हणजे यंत्रं तुमच्या बाजूची निघाली." मी म्हटलं, प्रश्न वाईट नाही. फक्त तो यंत्राचं मराठी मोजत नाही, उत्तरसूची करणारा कुठं राहतो ते मोजतो. मग त्या वाक्याच्या आधी 'हिंगोलीकडं म्हणतात' एवढं घातलं, सूचीतलं उत्तर बदललं आणि प्रश्न सरळ झाला.

पण त्यानंतर काही दिवसांनी तिनं एक यंत्रच उलटं पडलेलं दाखवलं. अवघड प्रश्न बरोबर, सोपे चूक. ती म्हणाली, "मॅडम, हे कॉपी करतंय. याला यादीतून काढून टाकते." तिचा अंदाज खरा निघाला. ते अवघड प्रश्न त्या यंत्राच्या वाचनात आधीच आले होते. पण तो खरा ठरायच्या आधीच मी तिला म्हटलं, थांब, काढायच्या आधी बघ, आणि तिला तहसीन आपांची गोष्ट सांगितली. ती आता इथं सांगते.

मी तेव्हा नोकरीत होते. आमच्या संस्थेनं बऱ्याच जिल्ह्यांत सातवीची गणिताची चाचणी घेतली होती. प्रश्न सोप्याकडून अवघडाकडं लावलेले. वेळ बेताचा. मराठी शाळांना मराठी पुस्तिका, उर्दू शाळांना उर्दू. खुणा पुस्तिकेतच करायच्या. हिंगोली जिल्ह्यातून आमच्या निवडीत एकच उर्दू शाळा होती, वसमतची.

निकाल संगणकात गेले आणि एक पूर्ण वर्ग लाल झाला. आमच्याकडं एखाद्याची उत्तरं त्याच्या ताकदीशी जुळली नाहीत की नावापुढं लाल खूण येते. एखादं पोरगं लाल होतंच. झोप लागली, चष्मा विसरला, पोटात दुखलं. पण वर्गच्या वर्ग? आणि तोही असा, की भलेभले पडतात ते शेवटचे प्रश्न बरोबर, आणि दोन संख्यांची बेरीज चूक.

आमच्या साहेबांनी कागद बघून माझ्याकडं सरकवला. "शैलाताई, तुमचा जिल्हा. बघा काय उद्योग केलेत."

"काय केलंय?"

"उघड आहे. कोणीतरी अवघड प्रश्नांची उत्तरं सांगितली. सोपी सांगायची गरज नाही असं वाटलं असणार. पोरांना तीही येत नव्हती."

यातलं तर्कशास्त्र इतकं चोख होतं की मलाही ते पटलं. साहेबांनी शिक्षण कार्यालयाला कळवलं. तिथून शाळेच्या मुख्याध्यापिकेला खुलासा मागितला गेला आणि खुलाशाच्या आधी संस्थेतर्फे कोणीतरी बघून यावं म्हणून मला पाठवलं.

मुख्याध्यापिका तहसीन आपा शाळेच्या दारातच उभ्या होत्या. उंच, शिडशिडीत, डोक्यावरून ओढणी आणि हातात खडू. मी नाव सांगितलं. त्यांनी मला कार्यालयात नेलं, खुर्ची दिली, पंखा लावला आणि समोर बसून म्हणाल्या, "चहा तपासणीनंतर देईन. आधी दिला तर तुमी म्हणाल, पटवायला दिला."

"तसं काही नाही आपा. मी फक्त समजून घ्यायला—"

"मॅडम, तीस लेकरं हायेत माझी. त्यांच्या मायबापांना मी काय सांगू? बाजारात लोक विचारून राहिले, तुमच्या शाळेत काय घपला झाला. मी त्या दिवशी वर्गात पायसुद्धा टाकला नाही. टाकू दिलाच नाही. पर्यवेक्षक मराठी शाळेचे होते, त्यांना विचारा."

ते मी आधीच विचारलं होतं. ते गृहस्थ म्हणाले होते, पोरं शांत होती, कोणी मान वळवली नाही, मला उर्दू येत नाही, त्यामुळं मी नुसता फिरत होतो.

मी म्हटलं, वर्गात जाऊ. आपांनी मला सतरंजीवर बसलेल्या पोरांसमोर उभं केलं आणि स्वतः दाराबाहेर जाऊन थांबल्या. पुन्हा कोणी म्हणायला नको. माझ्याजवळ मराठी पुस्तिका होती. मी शेवटच्या पानावरचं एक गणित फळ्यावर लिहिलं, टाकी भरण्याचं, चांगलं किचकट. म्हटलं, कोण येतं?

जवळजवळ सगळे हात वर. एक पोरगा आला, त्यानं सोडवलं. दुसरं लिहिलं, एका मुलीनं सोडवलं आणि वर मला सांगितलं की याची एक छोटी रीतही आहे, दाखवू का? मी म्हटलं, राहू दे. मनात आलं, साहेबांचा अर्धा तर्क गेला. यांना अवघड येतं.

मग मी पहिल्या पानावरची बेरीज लिहिली. वर्ग एकमेकांकडं बघून हसायला लागला.

"काय झालं?"

"मॅडम, ये तो चौथी का है," पुढची एक मुलगी म्हणाली. हीच मघाशी छोटी रीत दाखवणार होती. नाव जवेरिया.

"मग चाचणीत का चुकलात?"

हसणं थांबलं. जवेरियानं खाली बघितलं. "टाइम नै था, मॅडम. घंटी हो गई. तो जो दिखा उसपे टिक कर दिये."

"सोप्या प्रश्नांना वेळ नव्हता?"

"वो तो आखिर में थे ना."

मला वाटलं मला दख्खनी नीट कळत नाही. मी पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा तेच सांगितलं. सोपे शेवटी होते. मग मी पिशवीतून शिल्लक उर्दू पुस्तिका काढली, तिच्या हातात दिली आणि म्हटलं, "बेटा, तू त्या दिवशी पेपर जसा सोडवलास तसा सोडवायला लाग."

तिनं पुस्तिका मांडीवर घेतली. उर्दू पुस्तक उजवीकडून उघडतं, तसं तिनं उजवीकडून उघडलं. मला उर्दू येत नाही, त्यामुळं मला त्यात काहीच खटकलं नाही. पर्यवेक्षकांनाही खटकलं नसणार. आतल्या पहिल्या पानावर हात हलवणाऱ्या एका मुलाचं चित्र होतं आणि मोठ्या अक्षरात काहीतरी.

"हे काय लिहिलंय?"

जवेरियानं वाचलं, "शाबाश! वक्त बचा हो तो अपने जवाब एक बार फिर देख लो."

"हे सुरुवातीला?"

"हौ."

"तुम्हाला विचित्र नाही वाटलं?"

"अच्छा लगा, मॅडम," ती म्हणाली. "शुरू करने के पहलेच शाबाश बोले."

"आता पहिला प्रश्न वाच."

तिनं पान उलटलं आणि वाचला. टाकी भरण्याचा प्रश्न. मी माझी मराठी पुस्तिका काढून बघितली.

"हा शेवटच्या पानावरचा आहे. पहिला वाच."

"पहलाच पढ रही हूँ, मॅडम."

मी तिच्या शेजारी सतरंजीवर बसले. आम्ही दोघींनी एकेक पान उलटलं. तिची पुस्तिका पुढं चालली होती आणि माझी मागं. अवघडाकडून सोप्याकडं. सगळ्यात शेवटी, म्हणजे तिच्या शेवटी, एक पान आलं त्यावर 'सूचना' आणि एक सोडवून दाखवलेला नमुना होता. मागून एक पोरगा उठून म्हणाला, "मॅडम, सब होने के बाद लिखे थे सवाल कैसा हल करना! हम बहुत हँसे."

"मग कोणाला सांगितलं का नाही?"

जवेरियानं माझी समजूत काढल्यासारखं म्हटलं, "मॅडम, सरकारी था. हर साल कुछ नया रहता. हमकू लगा इस साल उल्टा है."

आता काय झालं होतं ते मला कळलं. हिंगोली जिल्ह्याच्या उर्दू पुस्तिका तेवढ्या एका वेगळ्या छापखान्यात गेल्या होत्या. तिथं कोणाला तरी अर्धं माहीत होतं. उर्दू पुस्तकाचं मुखपृष्ठ दुसऱ्या बाजूला असतं एवढं त्यानं लक्षात ठेवलं, आणि मुखपृष्ठ नीट त्या बाजूला छापलं. पण आतली पानं मराठी पुस्तकासारखी लावली. बाहेरून बघितलं तर पुस्तिका अगदी रीतसर उर्दू. आत गेलं की उलटी. वेळ ठरलेला, प्रश्नसंच लांब. पोरांनी ताज्या डोक्यानं अवघड गणितं निवांत सोडवली आणि बेरजांपर्यंत पोचली तेव्हा घंटा झाली.

मी दाराकडं बघून हाक मारली, "आपा, आत या."

आपा आल्या. मी पुस्तिका त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उघडली, शाबाश वाचलं, पानं उलटली, मिटली, उलट बाजूनं उघडली, पुन्हा मिटली. आधी त्यांना हसू आलं. ओढणीचं टोक तोंडावर धरून त्या हसल्या. आणि मग ते हसू गेलं.

"म्हंजी उलटी किताब तुमची," त्या म्हणाल्या, "अन् इल्जाम माझ्या लेकरांवर."

"हो," मी म्हटलं. 

त्यांनी शिपायाला बोलावलं. "मॅडमला चहा सांगा. अद्रक टाकून." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "आता काय लिहून देता?"

मी तिथंच बसून लिहिलं की कॉपी झालेली नाही, दोष छपाईचा आहे. पुण्याला गेल्यावर साहेबांनी पुस्तिका हातात घेऊन दोन्हीकडून उघडून बघितली. "कमाल आहे," ते म्हणाले. माणूस सरळ होता. त्यांनी त्याच दिवशी शिक्षण कार्यालयाला कळवलं. खुलाशाचा विषय संपला. अहवालात एक ओळ आली की छपाईतील त्रुटीमुळे एका शाळेची माहिती गाळली आहे.

मी म्हटलं, "साहेब, गाळायची कशाला? पोरांनी अवघड प्रश्न सोडवलेत. त्यांना वेळ मिळाला तेवढ्या प्रश्नांवरून अंदाज काढता येईल."

"काढा की. पण तुलना कशी करणार? बाकीच्यांनी तेच प्रश्न दमल्यावर सोडवले, यांनी ताज्या डोक्यानं. प्रश्न तेच राहिले नाहीत."

यातही तर्क चोख होता. आमच्या साहेबांचा तर्क कायमच चोख असायचा. फेरचाचणी घेऊ म्हटलं तर अहवालाची मुदत आली होती. मी माझ्यापुरता तो अंदाज काढला. क्रमाचा फायदा वजा धरला, बकरीचा वाटा वजा धरला, जिथं शंका आली तिथं पोरांच्या विरुद्ध धरलं. तरीही तो वर्ग पट्टीवर बराच वर उभा राहिला. अहवालात त्याला जागा नव्हती.

आपांना फोन करून सांगितलं, संशय पूर्ण गेला, अहवालातून तुमचं नावच काढलंय.

 मग आपा म्हणाल्या, "मॅडम, चोर न्हाईत म्हणालात, शुक्रिया. पण माझी लेकरं हुशार हायेत, हे कुठं लिहिलं?"

"ते लिहिता येत नाही, आपा."

"काहून?"

मी सगळं समजावलं. क्रम, वेळ, तुलना. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"लिहिता येत न्हाई," त्या म्हणाल्या. "बोलता येतं का?"

"बोलता येईल."

"मग सव्वीस जानेवारीला या. घपला झाला म्हणून ज्यांच्या कानावर गेलं, ते सगळे मायबाप येणार हायेत."

मी संस्थेला विचारलं नाही. विचारलं असतं तर साहेबांनी नाही म्हणायला उत्तम कारण दिलं असतं. माहेरी जायचं म्हणून रजा टाकली. हट्ट्याला भावाकडं उतरले आणि सकाळच्या गाडीनं वसमतला आले.

झेंडावंदन झालं. मैदानात बायका एका बाजूला, माणसं दुसऱ्या बाजूला. पोरं इस्त्रीच्या कपड्यांत पुढं. जवेरियाची आई कोण हे विचारायची गरज पडली नाही, लेकीचाच चेहरा. आपांनी माझी ओळख करून दिली की पुण्याच्या मॅडम आहेत, त्यांनी आपल्या बच्च्यांचा पेपर नीट बघितला आहे, आणि माइक माझ्या हातात दिला.

मी आयुष्यभर बंद खोल्यांत चार लोकांसमोर बोललेली बाई. मी म्हटलं, आधी हे सांगते की या वर्गानं कॉपी केलेली नाही. पुस्तिका उलटी छापली होती. टाळ्या झाल्या. माणसांतून कोणीतरी म्हणालं, "हम तो पहलेच बोले थे." मग मी माझ्या अंदाजावर आले आणि आमच्या धंद्यात बोलायचं तसंच बोलले. उपलब्ध उत्तरांवरून, क्रमातल्या बदलाचा परिणाम गृहीत धरून, आणि अंदाजातली संभाव्य चूक लक्षात घेता, असं म्हणायला हरकत नाही की या वर्गाची गणितातली क्षमता सरासरीपेक्षा वरच्या बाजूला असण्याची शक्यता बरीच आहे, तथापि—

 आया माझ्या तोंडाकडं बघत होत्या. एकीनं शेजारणीला विचारलेलं मला स्पष्ट ऐकू आलं, "पास बोले क्या फेल?"

आपांनी माझ्या हातातून माइक घेतला.

"मॅडम बोल रहे हैं," त्यांनी खणखणीत आवाजात सांगितलं, "बच्चे होशियार हैं."

मैदान उठलं. पोरांनी ओरडायला सुरुवात केली, बायका पोरांकडं बोट दाखवून एकमेकींना सांगायला लागल्या, जवेरियाच्या आईनं ओढणीनं डोळे पुसले. आपांनी माइक पुन्हा माझ्यापुढं धरला आणि विचारलं, "और कुछ बोलना है, मॅडम?"

मला बोलायचं होतं. तथापिच्या पुढचं सगळं राहिलं होतं. मी मैदानाकडं बघितलं, मान हलवून नाही म्हटलं आणि खाली बसले.